हिरव्याचं विरजण

महाड, ४ ऑगस्ट

निशा,

जय भीम. तू बरी आहेस असं मी धरून चालते. बरी नसतीस तर तुझ्या आईने कळवलं असतं.

पत्र बघून हसशील. पण व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात आणि मग माणूस बसतं फोनकडे बघत. पत्राचं तसं नाही. पेटीत टाकलं की आपण मोकळे. वाचलंस तर वाचलंस, नाहीतर ठेव कुठेतरी उशीखाली. अंगणवाडीत जन्मभर रजिस्टरं भरली, तेव्हा हात अजून चालतो.

त्या दिवशी फोन मी आपटला, हे खरं. तू म्हणालीस, "आई, टाकी आता बंद करा. कुणाला तरी देऊन टाका. ती प्रवीणची हौस होती." मला तो हौस शब्द लागला. हौस पतंगाची असते, गाडीची असते. तीन फुटांच्या काचेत जिवंत समुद्र सांभाळायचा, त्यातल्या जिवांना रोज भरवायचं, याला हौस म्हणतात होय? आणि तू म्हणावंस? लग्न करून आलीस तेव्हा तुझी ट्रंक ठेवायला जागा होईना म्हणून टाकी हलवायला निघालो, तर तूच म्हणालीस, ट्रंक गच्चीवर ठेवू.

टाकी बंद केलेली नाही. करणारही नाही. तू रत्नागिरीच्या शाळेत नोकरी धरलीस, त्याला मीच हो म्हटलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रवीणला कशेडी घाटातल्या अपघातात जाऊन या डिसेंबरात दोन वर्षं होतील. तू किती दिवस माझ्यासमोर बसून राहणार होतीस? पण टाकीतल्यांनी कुणाचं काय केलंय?

सगळं तू दाखवलंस तसंच चाललंय. संध्याकाळी दिवा बंद झाला की फिल्टर थांबवते, फ्रिजमधली बाटली हलवते आणि झाकणभर हिरवं, ते शेवाळाचं पाणी, ओतते. थोड्या वेळाने मोरू नळीतून पिसारा बाहेर काढतो. एवढासा किडा, पण ऐट बघ त्याची. मग शिंपले तोंडं उघडतात. मी प्रवीणला चिडवायचे, आठवतं? आपण तिसऱ्यांचं कालवण करणारी माणसं, आणि हा त्यांच्याच भावकीला शेवाळ भरवतोय. कोकणात राहून पुड्यातलं मीठ विकत आणायचं आणि घरात समुद्र कालवायचा, असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ते हिरवं जिच्यात वाढतं ती खिडकीतली बाटली पण ठीक आहे. बुडबुडे चालू आहेत. काळजी नसावी.

जेवतेस ना वेळेवर?

उज्वला


महाड, १९ ऑगस्ट

निशा,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. हिरवी बाटली ठीक नव्हती. पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच तिचा निकाल लागला होता.

झालं असं की वरंधहून तुझ्या मंजुळा आत्या आल्या. माझ्या नणंदेचा स्वभाव तुला माहीत आहे. दारात चपला काढायच्या आधी घरात काय काय चुकलंय ते त्यांना दिसतं. चहा घेतला, आणि उठून त्या खिडकीशी गेल्या. "गो उज्वला, पानी शेवाळलंय ह्ये, नि तू तसंच ठेवलंस? तुरटी नाय का घरात?"

आता महाडात तुरटी नाही असं घर दाखव. पूर आला त्या वर्षापासून तर पाणी जरा गढूळ दिसलं की आपला हात आपोआप खड्याकडे जातो. हंडा, कळशी, बादली, दिसेल त्यात फिरवायची. वन्संनी मोरीतल्या फळीवरून खडा घेतला आणि बाटलीची नळी बाजूला करून फिरवला की आत. चांगला गोल गोल, प्रेमाने.

तू विचारशील, आई, तुम्ही कुठे होतात? मी तिथेच होते, हातभर अंतरावर. वन्सं काहीतरी सांगत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हात फिरताना दिसत होता, पण डोक्यात शिरत नव्हतं. कसल्या गप्पा होत्या ते जाऊ दे.

तासाभराने बघते तर वर पाणी काचेसारखं निवळ आणि तळाला हिरवा गाळ. वन्सं म्हणाल्या, "बघ. आता कसं पेयाजोगं झालं." तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या वन्सं कसल्या. फ्रिजमधली बाटली तळाला गेली होती, त्याच दिवशी नवं काढायचं होतं. ती त्यांनी घासून, धुऊन ओट्यावर उपडी घातली होती. मला हसू आलं आणि रडू पण आलं. वन्संना वाटलं मी त्यांच्या बातमीने रडतेय.

बातमी म्हणजे त्यांच्याकडची, भातलावणीची वगैरे.

तळाचा गाळ मी नव्या खाऱ्या पाण्यात घालून बघितला. खताचे थेंब घातले, नळी लावली, खिडकीत ठेवला. हललाच नाही तो. पिवळा पडला, मग वास सुटला. काल संडासात ओतला. ओतताना मला फार वाईट वाटलं, निशा. ते हिरवं प्रवीणने लावलेलं होतं. मुंबईहून चहाच्या पेल्याएवढं घेऊन आला होता, मांडीवर ठेवून. तेव्हापासून आठवड्याला अर्धं काढायचं, उरलेल्यात नवं पाणी घालायचं, असं करत त्याचंच हिरवं आजवर चाललं होतं. तो स्टार्टर स्टार्टर करायचा. मी म्हटलं, सरळ विरजण म्हण की. शेवटी तोही विरजणच म्हणायला लागला. "आई, विरजण हलवलंस का?"

टाकीला तुरटी लागलेली नाही. तेवढी अक्कल मला आहे.

उज्वला


महाड, १४ सप्टेंबर

निशा,

उत्तर नाही. ठीक आहे, शाळेत कामं असतील. सत्राची परीक्षा आली असेल.

टाकीपुरतं सांगते. पुण्याहून विकतची बाटली मागवली, ती दाट हिरव्याची. शाईसारखी आहे. टाकीवर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे: "घरचं असेल तर झाकण, विकतचं असेल तर थेंब." मी थेंबच घातले. पण मग मोरूने पिसारा काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, उपाशी आहे. अंगणवाडीची खोड जात नाही गं. पोलादपूरकडच्या वाड्यांवरची पोरं तोंड मिटून बसायची, तेव्हा आम्ही काय करायचो? अजून एक घास, चिऊचा, काऊचा. तसे मी चिऊचे थेंब घातले, काऊचे घातले.

सकाळी टाकी तांदळाच्या धुवणासारखी. समोरचं दिसेना. दोन्ही केशरी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. मी कंबर बांधली आणि बादलीने पाणी काढलं. नवं खारं पाणी कालवलं, ते मोजायचं यंत्र चष्मा लावून वाचलं, ओतलं. पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. पाठीचा काटा ढिला झाला. मासे वाचले, शिंपलेही वाचले. पण मोरूचा पिसारा तुटून वाळूवर पडला होता. मी खाली बसले आणि प्रवीणला शिव्या दिल्या. मेल्या, एवढा जीव लावायचा होतास तर थांबायचंस. हे असं मोठ्याने बोलले. घरात ऐकणारं कोण आहे?

नंतर फोनवर शोधून वाचलं. पिसारा गेला म्हणजे किडा गेला असं नाही. त्रास झाला की तो पिसारा टाकतो, आणि नीट खायला मिळालं की नवा काढतो. त्याला पातळ, ताजं, जिवंत हिरवं मानवतं म्हणे.

आणि तिथेच अडलंय. विकतच्यातलं थोडं मी खिडकीत लावून बघितलं, बुडबुडे सोडले, उजेड दिला. काही नाही. ते मेलेलं असतं, निशा. खायला घालता येतं, पण त्याचं विरजण होत नाही.

तेव्हा आता सरळ मागते. तू जाताना एक बाटली घेऊन गेली होतीस, भाड्याच्या खोलीत खिडकीत ठेवलीय म्हणाली होतीस. त्यातलं थोडं मला दे. वाटीभर पुरे. विरजण मागायला कुणी लाजत नाही. शेजारणीशी अबोला असला तरी वाटी पुढे करतात आणि तीही नाही म्हणत नाही. तसंच समज. बोलू नकोस हवं तर, पण वाटीभर दे. महाड डेपोला एसटीच्या पार्सलने टाक, मी जाऊन घेईन.

विकतचं मिळतं, दुसऱ्या कुणाचं जिवंतही मिळत असेल. मला ते नको. मला त्याचं हवंय.

उज्वला


महाड, ६ ऑक्टोबर

निशा,

बाटली मिळाली.

डेपोत पार्सलवाल्याने विचारलं, "काकी, काय कैरीचं पन्हं काय, ह्या दिवसांत?" मी म्हटलं, सुनेच्या घरचं विरजण आहे. रिक्षाने आले, बाटली मांडीवर ठेवून.

घरी येऊन खोक्यातून काढली आणि हात जागच्या जागी थांबला. गळ्यापर्यंत भरलेली. वर पट्टी, तुझ्या अक्षरात: "सगळं पाठवलंय."

मी वाटीभर मागितलं होतं. विरजण देताना कुणी अख्खं भांडं देत नाही गं. देणारी चमचाभर, फार तर वाटीभर देते, कारण तिला स्वतःला उद्या दही लावायचं असतं. जी सगळंच देऊन टाकते, तिला पुढे लावायचं नसतं.

तेव्हा आता मी पण झाकून ठेवत नाही. वन्सं त्या दिवशी भातलावणीची बातमी घेऊन आल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुज्या सुनेचं ठरतंय, ठावं हाय का तुला? शाळंतलाच मास्तर हाय, बुद्धरत्न म्हून. तुला नाय सांगितलं?" तुरटी फिरत होती आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते यासाठी. तू टाकी बंद करा का म्हणालीस ते मला तेव्हा कळलं. फोन का उचलत नाहीस तेही कळलं. आणि तरी मी दोन महिने तुला मोरूच्या आणि शिंपल्यांच्या गोष्टी लिहीत बसले. वाटलं, ती आपणहून सांगेल.

राग आला मला. तुझ्यावर आला. ज्याचं तोंडही मी बघितलेलं नाही त्या माणसावर आला. सगळ्यात जास्त वन्संवर आला, कारण सांगताना त्या खूश होत्या. बाजारात जाऊन तिसऱ्या आणल्या, तिखटजाळ कालवण केलं आणि एकटीने खाल्लं. टाकीकडे पाठ करून.

तू म्हणशील, आई, तुम्हीच तर म्हणाला होतात की पुढचं बघ, तुझं वय आहे. म्हणाले होते. चवदार तळ्याच्या काठावर बसून म्हणाले होते आणि तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होतीस. ते मी मनापासून म्हणाले होते, आजही म्हणते. पण आपण बोलणं वेगळं आणि झालेलं ऐकणं वेगळं. मला त्या माणसाची भीती वाटत नाही. प्रवीणला तू विसरशील अशीही भीती नाही, विसरायचं तेवढं विसरावंच. माझी भीती एवढीच आहे की तू त्या घरी गेलीस की मला आई म्हणणारं कुणी उरत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं. आता खोडणार नाही.

तू सगळं पाठवलंस, म्हणजे हिशेब मिटवलास, असं मी समजायचं का? तुला वाटलं असेल, नव्या घरी जुन्याचं काही न्यायचं नसतं. की मला आवडणार नाही असं वाटलं? असं कोण म्हणालं तुला? वन्सं म्हणाल्या असतील तर त्यांच्या हातात तुरटी आहे, लक्षात ठेव.

बाटली खिडकीत लावलीय. बुडबुडे सोडलेत. बघू.

उज्वला


महाड, २ नोव्हेंबर

निशा,

मोरूने पिसारा काढला.

अजून लहान आहे, पहिल्यासारखा नाही, पण रंग तोच, कडेला जांभळा. तुझ्या बाटलीतलं हिरवं घातलं त्या आठवड्यात नळीच्या तोंडाशी काहीतरी हललं, आणि परवा संध्याकाळी बाहेर आला. मी समोर बसून चहा पीत होते. चहा गार झाला.

आता तुझ्या बाटलीचं सांगते. तू पाठवलेलं मी तसंच ठेवलं होतं. म्हटलं, तिने सगळं दिलंय तर सगळं सांभाळू, अर्धंसुद्धा काढायला नको. टाकीसाठी वरचं झाकणभर घ्यायचं, तेवढंच. हिरवं दाट होत गेलं. मला केवढा आनंद. आणि मग एका सकाळी बघते तर कडेने पिवळट. मी घाबरले. मग प्रवीणचं बोलणं आठवलं. मी एकदा त्याला विचारलं होतं, अरे, एवढं छान झालंय, अर्धं कशाला काढतोस, राहू दे की भरलेली. तर म्हणाला होता, "आई, वाटून दिलं नाही तर ते स्वतःच्याच गर्दीने मरतं. अर्धं दिलं की उरलेलं वाढतं."

मी तेव्हा म्हटलं होतं, हे तुझं शास्त्र मला नको सांगूस. आता त्याच खिडकीशी उभी राहून अर्धं दुसऱ्या बाटलीत काढलं, दोन्हींत नवं पाणी घातलं. चार दिवसांत दोन्ही बाटल्या हिरव्यागार.

तर आता माझ्याकडे दोन आहेत. एक खिडकीत राहील. दुसरी मी आज तुला पाठवतेय. मला पुढचं बोलणं नको, "आई, आता कशाला" आणि काय. तू अख्खं भांडं दिलंस, ते मी घेतलं. आता माझ्याकडचं अर्धं तू घ्यायचं. दर महिन्याला कुणाची ना कुणाची बाटली मरणार, वीज जाते, माणूस विसरतं, कुणीतरी तुरटी फिरवतं. मेली की दुसरीकडून मागवायची. म्हणून दोन घरी हवं. एकाच घरी ठेवून चालत नाही, हे मला आता पटलंय.

वन्सं कालच येऊन गेल्या. तुम्ही पत्रिका छापताय म्हणे. विचारत होत्या, "सुनंच्या लग्नात तू काय म्हून जानार गो? असली रीत हाय का कुटं?" मी म्हटलं, वधूकडची म्हणून जाणार. वधूच्या बाजूला बसणार, आपल्या लग्नांत नेसतात ती पांढरी साडी मी काढून इस्त्रीला टाकलीय. तुझ्या आईला विचार, त्यांना चालेल का. मला वाटतं, चालेल. पत्रिकेत माझं नाव कुठे घालायचं हा तुझा प्रश्न. मराठीची शिक्षिका आहेस, शोध एखादा शब्द. माझं ऐकून वन्सं म्हणाल्या, "मंग मला पन ने." तेव्हा आम्ही दोघी येऊ. त्यांना मांडवात पाण्याच्या पिंपापासून लांब बसव.

बाटलीचं लक्षात ठेव. वाटेत सांडू नये म्हणून झाकण घट्ट केलंय, पोचल्या पोचल्या सैल कर, तिला हवा लागते. खिडकी पूर्वेची असेल तर बरं. रोज हलवायची, एकटीने विसरलीस तर दुसऱ्याने हलवायची. म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत पाहिजे.

आणि हो, रत्नागिरी डेपोत तू जाऊ नकोस, तुला पार्सल देणार नाहीत. वर मी तुझं नाव लिहिलेलं नाही. मला आडनाव ठाऊक नव्हतं, म्हणून "बुद्धरत्न सर" एवढंच लिहिलंय, खाली तुमची शाळा. त्यांना पाठव. मांडीवर ठेवून आणायला सांग.

तुझी,
आई